घारी, सरडे आणि अक्कांचा भाचा

"वैनी, आमचा भाचा चिन्याच्यात लागला."

अक्कांनी भिंतीवरून हे अशा सुरात सांगितलं, की पोरगा नोकरीला लागलाय का घरजावई गेलाय, मला पटकन कळेना. मी कढीपत्ता तोडत होते. झाड अक्कांचं, पण चांगल्या फांद्या सगळ्या आमच्या बाजूला वाकल्यात. त्यामुळं आमच्या निम्म्या गप्पा या झाडाखालीच होतात.

"मोबाइलवाल्या चिन्याच्यात का?"

"मोबाइलच्या कुठल्या! पवनचक्कीच्या. आयटीआय केलंय न्हवं त्यानं. वर चढायचं आन नटबोल्ट बघायचं. कमरेला दोर बांधत्यात म्हणं. तिकडं आमची भावजय देव पाण्यात घालून बसलीय."

अक्कांचं माहेर पाटणकडचं, वनकुसवड्याच्या पठाराखालचं. लग्न होऊन सांगलीत चाळीस वर्षं झाली तरी 'आमच्याकडं' म्हणजे अजून साताराच. त्या पठारावर २००० च्या आगंमागं पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या. खाली कोयनेचं पाणी, वर नुसते पंखेच पंखे. २०१ मेगावॉट. आशियातलं सगळ्यात मोठं म्हणून त्याचं नाव निघायचं एके काळी.

"तवा कुठं होतं चिनी?" अक्का म्हणाल्या. "तवा सुझलॉनवाले होते. आमच्या अप्पांना जीपमधनं फिरवलेलं पठारावर. अप्पा घरी येऊन म्हटले, शेरडं चारायच्या माळाला एवढा भाव? ह्यांच्या डोक्यात वारं गेलंय!"

अप्पांचं चुकलं नव्हतं. वारंच होतं ते. सुरतेत तुलसी तांतींचा कापडाचा धंदा होता, विजेच्या बिलानं जीव काढला म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली, तीच सुझलॉन. तंत्र जर्मनांचं, मुख्य कचेरी पुण्यात, आणि पंखे आमच्या सातारच्या माळावर. घेणारे कोण, तर कारखानदार. सरकार तेव्हा पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा धरू द्यायचं. म्हणजे कागदावर ते मशीन पहिल्याच मार्चअखेरीला झिजून संपायचं, आणि पठारावर मात्र गरागरा फिरत राहायचं. मी बँकेत होते. घसाऱ्याचा तक्ता बघून असं हसू दुसऱ्या कुठल्याच मशीनचं आलं नाही.

"ती सुझलॉन पुढं चीनला गेलेली, माहीत आहे का?" मी फांदी सोडली. अशी बातमी एका हातानं सांगता येत नाही.

"आपली? चीनला?"

"तिआनजिनला कारखाना घातला होता. २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्सवाली हॅन्सन घेतली, पुढच्या वर्षी जर्मनीची रीपॉवर. पाटणच्या माळावरनं थेट युरोप."

"मग?"

"मग काय, कर्ज. २०१२ मध्ये परदेशातल्या रोख्यांचे पैसे द्यायला जमेना. २०१५ मध्ये जर्मन कंपनी विकून टाकली, तिआनजिनच्या कारखान्याचा मोठा हिस्सा तर चिन्यांनाच दिला."

खरी गंमत त्या कारखान्याच्या आधीची आहे. चीननं २००५ मध्ये नियम काढला, की पवनचक्कीतला ७० टक्के माल चीनमध्येच तयार झालेला पाहिजे. मग डेन्मार्कची वेस्टास, स्पेनची गमेसा, अमेरिकेची जीई, आपली सुझलॉन, सगळ्यांना कारखाने तिकडंच घालावे लागले. पाती कोण करणार, गिअर कोण कापणार, तर तिथलीच माणसं. ती शिकली. २००९ मध्ये नियम उठवला, कारण तोवर नियमाची गरजच उरली नव्हती. जिथं चारातल्या तीन पवनचक्क्या परदेशी असायच्या, तिथं परदेशी कंपन्यांना दहावा वाटा मिळणं कठीण झालं.

अक्कांनी जरा विचार केला. "म्हणजे सैपाकाला बाई ठेवायची, तिच्या हातचं सगळं शिकून घ्यायचं, आन मग म्हणायचं, बाई, उद्यापासनं येऊ नका."

"तसंच. आणि एकीनं तर बाईची मसाल्याची डबीच पळवली!"

सिनोव्हेल म्हणून एक मोठी चिनी कंपनी होती. तिच्या पवनचक्क्यांचा मेंदू, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, एएमएससी ही अमेरिकेची कंपनी द्यायची. २०११ मध्ये सिनोव्हेलनं माल घेणं एकदम बंद केलं. एएमएससीच्या माणसांना कारण कळेना. मग एका चिनी पवनचक्कीत आपलंच सॉफ्टवेअर, आपण न देता, चालताना सापडलं. ऑस्ट्रियाच्या शाखेतल्या एका नोकराला फितवून उचललं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं सिनोव्हेलला दोषी ठरवलं.

"अगं बया!" अक्कांच्या चेहऱ्यावर, गल्लीतल्या कुणाचं तरी लग्न मोडल्यावर येतो तसला आनंद पसरला. "चोरटीच निघाली की!"

मला मात्र एवढ्यावर थांबवेना. दमणला जर्मनांची एनरकॉन आणि इथले भागीदार यांची कंपनी होती. दोघांचं फाटलं, कोर्टकज्जे झाले, जर्मनांची काही पेटंटं २०१० मध्ये इथं रद्द झाली आणि कंपनी पुढं 'विंड वर्ल्ड' नावानं फिरायला लागली. कुणाचं खरं, कुणाचं खोटं हे वकिलांना विचारावं. पण जर्मन मालकाच्या हातातनं इथली कंपनी गेली ती गेलीच.

"ते ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. आपल्या बाजूची भानगड त्यांना ऐकवत नाही. "कोपऱ्यावरच्यांनी गाडी घेतलीय, बघितली का? एमजी. विलायती हाय म्हणं."

"नाव विलायती. कंपनी शांघायच्या एसएआयसीची. आता आपल्या जिंदालांनी ३५ टक्के घेतलेत त्यात."

"आन त्या काकांनीच न्हवं का २०२० ला चिनी माल घेणार न्हाई म्हणून सगळ्या गल्लीला शपथ घातलेली?"

आम्ही दोघी हळूच त्या बंगल्याकडं बघितलं. गाडीवर अजून झेंडूची माळ होती. लिंबू-मिरची बांधायचीही विसरले नव्हते.

२०२० चं म्हणाल तर तळेगावची गोष्ट त्याहून भारी. शेवरोले गाड्या करणाऱ्या जीएमचा तिथला कारखाना चीनची ग्रेट वॉल घेणार होती. १५ जून २०२० ला राज्य सरकारशी करार झाला, आणखी दोन चिनी कंपन्यांशीही झाला, सगळे मिळून पाच हजार कोटींवर. त्याच रात्री गलवानला चिनी सैन्याशी झटापट झाली. सकाळी कराराची शाई वाळली नव्हती आणि देशभर टीव्ही फुटत होते. करार लोंबकळत राहिला, २०२२ मध्ये ग्रेट वॉलनं नाद सोडला, आणि २०२३ मध्ये तोच कारखाना कोरियाच्या ह्युंदाईनं घेतला. अमेरिकन उठला, चिनी उंबऱ्यात उभा राहून परत फिरला, कोरियन येऊन बसला.

कोरियनांचंही बघा. एके काळी चीनमध्ये पाचातला एक फोन सॅमसंगचा असायचा. २०१८ पर्यंत शंभरात एक निघायची मारामार. २०१९ मध्ये तिथला शेवटचा फोनचा कारखाना मिटवला, त्याच्या आदल्या वर्षी इकडं नोएडात जगातला सगळ्यात मोठा उघडला. आणि इथं त्यांच्या मागं लागले कोण? मारुती रोडवर सगळी दुकानं निळी नाहीतर हिरवी झालेली आठवतात ना, विवो आणि ओप्पो! समोरासमोर पाट्या लावून भांडत होत्या, आणि मूळ दोघींचं एकच घराणं, चीनचं बीबीके.

"जावा-जावाच की," अक्का म्हणाल्या. त्यांना तीन जावा आहेत, त्यामुळं हा विषय आम्ही तिथंच सोडला.

"पर मग माझ्या भाच्याचं काय? उद्या त्या चिन्यालाबी घालवतील का?"

हे मात्र गमतीत नव्हतं. पठारावरची जुनी पवनचक्की साडेतीनशे किलोवॉटची. आताची एकच तीन मेगावॉटच्या वरची, म्हणजे जुन्या नऊ एका खांबावर. ही मोठी मशीनं विकणाऱ्यांत एन्व्हिजनसारख्या चिनी कंपन्या इथं पुढं आल्यात, आणि कर्जातनं सावरलेली सुझलॉन त्यांच्याशी झुंजतेय. तांती २०२२ मध्ये गेले, त्यांनी हे सगळं बघितलं नाही. आता आपलं सरकारही शहाणं झालंय. २०२५ च्या जुलैत फर्मान काढलं, की पाती, टॉवर, गिअरबॉक्स, जनित्र सरकारच्या यादीतल्या कारखानदारांकडूनच घ्या, आणि वाऱ्याचा वेग किती, पातं किती अंशात वळलं, ही चालू मशीनची माहिती देशाबाहेर जाता कामा नये. सर्व्हर इथंच पाहिजे. चीननं २००५ मध्ये काढलेल्या नियमाचीच ही वीस वर्षांनी आलेली धाकटी बहीण.

"मग चांगलंच हाय की!"

चांगलं का, ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणून मी अक्कांना सरड्यांची गोष्ट सांगितली. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे. तिथं बंगळूरच्या आयआयएससीच्या लोकांनी सरडे मोजले. गळ्याखाली निळा-केशरी पंखा उघडणारा सरडा, ज्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनीही 'सरडा' हेच मराठी नाव दिलंय. २०१८ मध्ये त्यांनी लिहिलं, की पवनचक्क्यांमुळं घारी-ससाणे पठारावर फारसे फिरकेनात, म्हणून सरडे जवळजवळ तिप्पट झाले. भ्यायचेही कमी झाले. माणूस अगदी जवळ गेला तरी हलेनात. आणि गळ्याचा रंग मात्र फिका पडला.

"माजले की!" अक्का हसल्या. "म्हणजे चीननं घारी हाकलल्या, आन त्यांचं सरडं माजलं."

मी 'हो' म्हणणार होते. गूगल २०१० मध्ये तिथनं गेलं आणि बायडूला रान मोकळं झालं, त्याला हे बरोबर लागू पडतं. पण पवनचक्कीला नाही लागू पडत. तिथं घारी गेल्यावर गोल्डविंड, एन्व्हिजन, मिंगयांग आणि आणखी किती, एकमेकांच्या नरडीला असे भिडले की मशीनचे भाव कोसळले. जे उरले ते फिके पडलेले नव्हते, चांगले चावरे होते. नुसती भिंत घालून असले निपजत नाहीत. भिंतीच्या आत मारामारी लागते, आणि ती आपल्याकडं कुणात आहे, हे मी मोजायला बसले तर बोटं उरतात.

हे सगळं मी अक्कांना सांगणार तोवर त्यांचा फोन वाजला. भाचाच होता, जतच्या पुढच्या माळावरनं. खर्र-खर्र वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. अक्का मात्र पवनचक्कीच्या पायाशी उभ्या असल्यासारख्या ओरडत होत्या, "जेवलास का? दोर बांधलायस का? मुकादम मराठी बोलतोय का चिनी?"

पलीकडनं उत्तर आलं असावं. अक्का खुदकन हसल्या.

"बिहारी हाय म्हणं."

फोन पदराखाली गेला. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि माझ्या हातातल्या जुडीकडं बघत परत आल्या.

"वैनी, चार पानं इकडंबी टाका. झाड माझं हाय न्हवं?"