तीन डोळे, एक खरा

जुन्या फोनांच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, महाराष्ट्रातले पुरुष फोन वापरतच नसावेत. विकायला निघालेला प्रत्येक फोन 'लेडीज यूज्ड'. शिवाय 'सिंगल हँड', 'नो स्क्रॅच', 'कंडिशन १०/१०' आणि शेवटी 'अर्जंट सेल'. अर्जंट का, तर मालक परदेशी निघालेला, नाहीतर फौजी असून बदलीवर चाललेला. फौजीचा फोटो गणवेशातला, ओळखपत्र अगदी स्वच्छ दिसणारं; फोन मात्र पार्सलने येणार आणि पैसे आधी क्यूआर कोडवर. त्या जवानाला इथेच सलाम ठोकून रजा देऊ. त्याच्याकडे फोनच नसतो, त्यामुळे तो खरा की खोटा हा प्रश्न येत नाही. आपण बोलतोय ते मॉलच्या पार्किंगमध्ये प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या फोनाबद्दल.

बाजारात 'कन्व्हर्टेड' नावाचा माल मिळतो. आत २०१८ सालचा आयफोन एक्सआर, बाहेरून एखाद्या नव्या प्रोची बॉडी. एक्सआरला पाठीवर कॅमेरा एकच. नव्या बॉडीला भोकं तीन. मग उरलेल्या दोन भोकांत काचा बसवतात. त्या काचा काही बघत नाहीत, त्यांच्याकडे लोकांनी बघायचं असतं.

हा धंदा काही अंधारात चालत नाही. दुकानदार रीलवर अभिमानाने दाखवतात, हा बघा आधीचा, हा बघा नंतरचा. पहिलं गिऱ्हाईक फसलेलं नसतंच. त्याला सगळं ठाऊक असतं. त्याला आरशासमोर उभं राहून सेल्फी काढायची असते आणि आरशात दिसते फोनची पाठ. फसवायचं असतं ते लग्नातल्या पाहुण्यांना, ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाला आणि ज्याने खरा घेतलाय त्या मेव्हण्याला. वर्षभर मिरवून हौस फिटली की फोन जाहिरातीत जातो. तिथे टाइप करताना 'कन्व्हर्टेड' तेवढं राहून जातं, आणि मग तुम्ही येता.

म्हणजे नकली फोनची सगळी कारागिरी पाठीवर खर्च झालेली असते, कारण जग पाठच बघतं. तुम्हाला मात्र तो समोरून वापरायचाय. तेव्हा विक्रेत्याने फोन पालथा करून पुढे केला की आधी उताणा करावा.

कॅमेरा उघडा. ०.५ दिसत नसेल तर एक्सआरचा संशय घ्या. दिसत असेल तर एकेका भिंगावर बोट ठेवत ०.५, १ आणि पुढचा झूम लावून बघा. एखादं भिंग झाकल्यावर कुठेच काही अंधारत नसेल, तर ते दागिना म्हणून बसवलंय. तळाशी बघा : आयफोन १५ पासून टाइप-सी आलं, 'पंधरा प्रो'ला जुनं लाइटनिंगचं भोक असेल तर पुढचं बोलणं कशाला? आणि एक काळाकुट्ट फोटो पूर्ण पडद्यावर लावून अंधारात धरा. प्रोचा पडदा ओएलईडी, काळं म्हणजे काळंच. एक्सआरचा एलसीडी, तो राखाडी उजेड टाकत राहतो.

मग सेटिंग्ज, जनरल, अबाउट. इथे सगळ्यात वर 'नेम' असतं आणि विक्रेता अंगठा नेमका तिथे ठेवून दाखवतो : "बघा काका, आयफोन पंधरा प्रो लिहिलंय." अहो, ते नाव ज्याचं त्याने ठेवायचं असतं. तिथे 'जिल्हाधिकारी' लिहिलं तरी फोन हरकत घेत नाही. खाली 'मॉडेल नेम' आहे, ते वाचा. त्याच्या खालच्या मॉडेल नंबरचं पहिलं अक्षरही बोलतं : एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे तक्रारीत बदलून दिलेला. सुरुवात ३ ने असेल तर तो दुकानात साखळीला बांधलेला डेमो पीस. त्याला शेकडो लोकांनी हाताळलंय, पण हो, त्यात लेडीजही असतील.

काही नमुने याहून धाडसी असतात. आत आयफोनच नाही, अँड्रॉइडला आयफोनचा मुखवटा चढवलेला. ॲप स्टोअरवर बोट ठेवलं की मुखवटा सरकतो आणि प्ले स्टोअर हजर. महागड्या अँड्रॉइडच्याही अशाच नकला असतात. हजार जीबी सांगतात, चार सिनेमे भरले की धाप लागते. त्यांच्यासाठी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून 'सर्टिफाइड' आहे का ते बघावं. सॅमसंग असेल तर *#०*# दाबल्यावर कंपनीची चाचणी-पाटी उघडते. नकलेला ती बहुधा ठाऊक नसते.

आता तिसरी जात, आणि माझ्या मते हीच खरी चलाख : फोन अस्सल, अवयव परके. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत अख्ख्या पडद्याला 'फोल्डर' म्हणतात, आणि तो ओरिजिनलपासून कॉपीपर्यंत हव्या त्या भावात मिळतो. आयफोनमध्ये ही कुंडली अबाउटमध्येच 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी'खाली निघते. तिथे 'अननोन पार्ट' आलं की विक्रेत्याचा चेहरा बघावा, तोही तितकाच अननोन झालेला असतो. चार वर्षांच्या फोनची बॅटरी हेल्थ शंभर टक्के दाखवत असेल तर खुश होऊ नका. शंभरीत पोचलेली बॅटरी एकतर बदललेली असते किंवा तिचा आकडा शिकवून तयार केलेला असतो. सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. पाणी लागलेल्या फोनात तिथली पांढरी खूण लाल झालेली असते. फोन सायलेंटवर असून फोटो काढताना खटका वाजतो? फोन बहुधा जपानचा. तिकडे तो आवाज बंद करता येत नाही. माल वाईट नसेलही, पण 'पुण्यात शोरूममधून घेतला' ही गोष्ट तेवढी जपानमार्गे आलेली.

इथे विक्रेता शेवटचं अस्त्र काढतो : पेटी. आपल्याकडे पेटीवर अपार श्रद्धा. देवगड छापलेल्या पेटीतून कर्नाटकचा आंबा वर्षानुवर्षं खाऊनही ती ढळलेली नाही. रिकामे बॉक्स वेगळे विकत मिळतात, त्यावर हवे ते स्टिकर छापून मिळतात, वर प्लॅस्टिक ताणून 'सीलपॅक'ही करून मिळतो. २०२१ साली आयफोन १३ आला तेव्हाच ॲपलने बॉक्सवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकलं आणि कागदी पट्ट्या आणल्या. त्यामुळे आयफोन १४ किंवा १५ चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आला असेल, तर ते प्लॅस्टिक कॅलिफोर्नियात चढलेलं नाही. कुठल्या गल्लीत चढलं ते तुम्ही ओळखा.

खरी ओळख आयएमईआय नंबराची. *#०६# दाबा, १५ आकडे येतात. ते बॉक्सवर, बिलावर आणि फोनमध्ये एकच हवेत. 'केवायएम' लिहून पुढे जागा सोडून ते आकडे १४४२२ वर एसएमएस करा; ब्रँड, मॉडेल, आणि नंबर काळ्या यादीत आहे का, हे दूरसंचार खातं कळवतं. संचार साथी या सरकारी ॲपवरही हेच होतं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर सरकारला या ॲपचा इतका उमाळा आला, की प्रत्येक नव्या फोनात ते आधीच घालून द्या असा आदेश निघाला. पाळतीची ओरड झाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आदेश गुंडाळला. ज्याला फोन घ्यायचाय त्याने स्वतः एक एसएमएस करावा, एवढ्यावर काम भागत होतं. पण आपल्याकडे एसएमएस फक्त बँकेचे येतात आणि तेही वाचायचे नसतात.

या उत्तरावरही डोळे मिटून विसंबू नका. उत्तर येतं ते नंबराचं, तुमच्या हातातल्या डब्याचं नव्हे. अस्सल फोनचा नंबर नकली फोनात घातला तर उत्तर अस्सलच येणार. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३ हजारांहून अधिक फोन सापडले. प्रकरण उघडकीला आलं ते एका पोलिसाचाच फोन दुरुस्तीहून आल्यावर. म्हणून एसएमएसात आलेलं मॉडेल आणि हातातलं मॉडेल जुळवून बघायचं. नंबराशी छेडछाड करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पार्किंगमधल्या दादाने हे कलम वाचलं असेल अशी आशा बाळगायला हरकत नाही.

फोन खरा, नंबर खरा, तरी मालक खोटा असू शकतो. आपल्यासमोर आयक्लाउड किंवा गूगल खातं काढून, सगळं पुसून, फोन पुन्हा पहिल्यापासून चालू करायला सांगा. त्या वेळी पासवर्ड बायकोला ठाऊक असतो आणि ती माहेरी गेलेली असते. लेडीज यूज्ड ना! हप्त्यावर घेतलेला फोन असेल आणि हप्ते थकले असतील, तर फायनान्सवाले तो लांबूनच बंद करू शकतात, भले पैसे तुम्ही रोख मोजलेले असोत. बिल मागा, त्यावरचं नाव आणि विकणाऱ्याचं आधार पडताळा. चोरीचा निघाला तर तुमचं सिम पडताच माग लागतो आणि मग पोलीस चौकीतून बोलावणं. पुढे कधीतरी आयुक्तालयात हस्तांतराचा कार्यक्रम होतो, मूळ मालकाला साहेबांच्या हस्ते फोन परत मिळतो, पेपरात फोटो छापून येतो. पैसे भरलेला माणूस त्या फोटोत नसतो.

एवढं सगळं तपासायला वीसेक मिनिटं पुरतात. पण तेवढी मिनिटं कोण घेतो? समोरचा 'विश्वास नाही का काका?' म्हणाला की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारे आपण चाळीस हजार देताना एकदम खानदानी होतो. फोन एकदा पालथा, एकदा उताणा केला जातो, पुन्हा पालथा होतो आणि तिथेच राहतो. मग गिऱ्हाईक पाकीट काढता काढता आपला एकमेव तांत्रिक प्रश्न विचारतं :

"कव्हर देताय ना सोबत? पण पारदर्शक द्या हं."