सित्रोएन डीएस : निगा व निष्ठा

सित्रोएन डीएस ही फ्रेंच मोटार १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गिऱ्हाइकांनी तिच्यासाठी नाव नोंदवले. १९७५ मध्ये उत्पादन थांबले. तेव्हापासून नावे नोंदवली जातात ती सुट्या भागांसाठी.

या मोटारीला नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. नायट्रोजन भरलेले गोळे आणि दाबाखालचे तेल तिला तोलून धरतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि बऱ्याच मॉडेलांत गिअरही याच तेलावर चालतात. त्यामुळे एकत्र कुटुंबासारखे एक रुसले की सगळ्यांचा अबोला.

सुरुवातीच्या गाड्यांतले लाल तेल हवेतला ओलावा शोषून घेई आणि यंत्रणेला आतून गंज चढे. म्हणून १९६० च्या दशकात हिरवे खनिज तेल आले. एकाच्या जागी दुसरे ओतले तर रबरी सील कामातून जातात. मालक लग्नाचा वाढदिवस विसरला तर निभावते, तेलाचा रंग विसरून भागत नाही.

बाहेरचे पत्रे बोल्ट काढून उतरवता येतात, म्हणजे आतला सांगाडा किती गंजला आहे ते सहज कळते. शहाणे मालक म्हणूनच ते उतरवत नाहीत.

ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटूनही गाडी निसटली. हा प्रसंग मालक सोबतच्यांना रंगवून सांगतात, बहुधा रस्त्याच्या कडेला, ओढून नेणारा ट्रक येईपर्यंत.