अनपेक्षित थंडीची पूर्वतयारी

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत सहकुटुंब तंबू ठोकून परतलेली मंडळी एक वाक्य हमखास बोलतात: "एवढी थंडी असेल असं वाटलंच नव्हतं." ऐकणारे हळहळतात आणि चहा पुढे करतात. पण या हळहळीत त्या कुटुंबाच्या कष्टांवर मोठा अन्याय होतो, कारण थंडी आपोआप अनपेक्षित होत नसते. रात्री पारा कुठवर उतरणार हे जागेची उंची, हवेचा कोरडेपणा आणि घड्याळ यांवरून कुणालाही सांगता येतं. पार्काच्या वेबसाइटवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इतकी उघड गोष्ट घरातल्या पाच-सहा शिकल्यासवरल्या माणसांपासून, त्यातही दोघं इंजिनिअर असताना, तंबूत आडवं होईपर्यंत लपवून ठेवायची तर त्याला महिनोन्महिन्यांची शिस्त लागते. ही शिस्त आजवर घराघरांत तोंडी परंपरेने चालत आली. तिची शास्त्रशुद्ध मांडणी व्हावी, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू.

सुरुवात तारखेपासून करावी. लोकप्रिय पार्कांतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. म्हणजे मे महिन्याच्या सहलीची जागा आपण नोव्हेंबरात, बाहेर बर्फ पडत असताना, हीटर लावलेल्या खोलीत बसून निवडतो. त्या क्षणी मे म्हणजे उन्हाळा, आणि उन्हाळा म्हणजे ऊन, असं साधं समीकरण मनात असतं. ते तसंच राहू द्यावं. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि त्याला जोडून सुट्टी मिळते, त्यामुळे तारखेबद्दल घरात वादही होत नाही. मार्ग निवडताना लास वेगासहून निघून झायन आणि पुढे ब्राइस कॅन्यन हा सर्वांत फलदायी. लास वेगास समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे, झायनच्या दरीचा तळ सुमारे 4,000 फुटांवर आणि ब्राइसचा कडा 8,000 फुटांच्या पुढे. दर हजार फुटांना तापमान सरासरी साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरतं. सहा हजार फूट चढल्यावर किती उतरेल हा पाचवीतला गुणाकार आहे, आणि नेमका म्हणूनच तो कुणी करत नाही. विमानतळावर गाडी भाड्याने घेताना अंगाची लाही होत असते. ती लाही हाच पुढच्या मुक्कामाचा अंदाज मानावा. आपलं कळसुबाई शिखर सुमारे 5,400 फूट उंच आहे. तिथे कुणी रात्री टी-शर्टवर झोपायला सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. इथे तंबू त्याहून अडीच हजार फूट वर लावायचा असतो, पण वातानुकूलित गाडीत बसून सपाट हायवेने गेल्यामुळे आपण डोंगर चढलो हे पायांना कळलेलंच नसतं.

आता ब्राइसला आपण जे पाहायला जातो त्याबद्दल. तिथले ते भगवे, नारिंगी दगडी सुळके थंडीनेच कोरलेले आहेत. दिवसा वितळलेलं पाणी खडकाच्या भेगांत मुरतं, रात्री गोठून सुमारे नऊ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. वर्षातल्या निम्म्याच्या आसपास दिवसांत पारा गोठणबिंदूच्या वर-खाली होत राहतो, म्हणून हे कोरीवकाम अखंड चालू आहे. तिथला माहितीफलक हे सगळं सचित्र समजावून सांगतो. चांगलं तयार झालेलं कुटुंब तो फलक मोठ्याने वाचतं, मुलांना "बघा, निसर्गाची केवढी ताकद" म्हणतं, फलकासमोर फोटो काढतं आणि मग तंबूत कापसाच्या पातळ चादरी अंथरायला जातं. जी थंडी खडक फोडते ती आपल्याला मात्र वगळून जाईल, हा विश्वास एका रात्रीत येत नाही. त्याला संस्कार लागतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हल्ली हवामानाचा अंदाज प्रत्येकाच्या खिशात असतो, मग थंडी अनपेक्षित राहणार कशी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण अंदाज कुठला पाहायचा हे शेवटी आपल्याच हातात असतं. एक तर मोठ्या शहराचा पाहावा. तो खरा असतो, फक्त आपण तिथे झोपणार नसतो. दुसरं म्हणजे नुसतं पार्काचं नाव टाकावं. यलोस्टोन हा सलग पसरलेला अवाढव्य प्रदेश आहे. त्याचं मुख्यालय मॅमथ हॉट स्प्रिंग्सला, सुमारे 6,200 फुटांवर. सरोवराकाठची कॅम्पग्राउंड्स त्याहून दीड हजार फूट वर. राष्ट्रीय हवामान सेवेच्या नकाशावर नेमक्या जागी बोट ठेवलं तर त्या उंचीचा अंदाज दिसतो, तेव्हा तिकडे बोट जाऊ देऊ नये. दिवसाचं कमाल तापमान तेवढं पाहावं, किमानाचा बारीक आकडा पाहू नये. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना आकडा सांगायचाच झाला तर एकक न सांगता सांगावा. "रात्री तीस" ऐकून आजोबा पुण्यातला एप्रिल डोळ्यांपुढे आणतात आणि समाधानाने मान डोलावतात. फॅरनहाइटमधलं तीस गोठणबिंदूच्याही खाली असतं, हे त्यांना पहाटे सप्रयोग कळेल.

सामानाचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण निम्मं यश इथेच आहे. स्लीपिंग बॅगच्या पिशवीवर ठसठशीत अक्षरांत 40 असं छापलेलं असतं. हा आकडा फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सियसमध्ये साधारण साडेचार. जाणकार लोक पिशवी उलटी करून आतली चिठ्ठी वाचतात. तिथे अनेकदा दोन आकडे असतात: एक आरामाचा, दुसरा सहन होण्याच्या मर्यादेचा. दोहोंत चांगलंच अंतर असतं, आणि बाहेरचा मोठा आकडा बहुधा मर्यादेचा निघतो. आपण चिठ्ठी वाचू नये, सेलची किंमत वाचावी. खाली घ्यायला फुगवायची जाड, दुहेरी एअर मॅट्रेस न्यावी. पाहुणे आले की हॉलमध्ये टाकतो तीच. तिच्यात नुसती हवा असते. ती आत फिरत राहते आणि अंगाची ऊब इमानेइतबारे जमिनीला पोचवते. थंडीसाठीच्या पातळ गाद्यांवर ऊब रोखण्याच्या क्षमतेचा आकडा दिलेला असतो, पण त्या दिसायला इतक्या किरकोळ असतात की त्यांच्यावर पैसे टाकायला मन होत नाही. रात्री दोन वाजता वरून तीन पांघरुणं घेऊनही पाठ गार का पडते, याचा उलगडा मग कुणालाही होत नाही. सगळे जण पांघरुणंच वाढवत राहतात. कपडे सुतीच घ्यावेत. दिवसभराच्या चालण्याने ते घामेजतात आणि ओला सुती कपडा ऊब धरत नाही. लोकरीची कानटोपी डिकीत जागा नाही म्हणून घरी ठेवावी. कूलरसाठी मात्र वीस पौंड बर्फ जरूर घ्यावा. जिथे पहाटे बादलीतलं पाणी आपोआप गोठतं तिथे विकतचा बर्फ वाहून नेण्यात एक उदात्त निष्कामता आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो: घरात एखादं माणूस तरी शहाणं असणारच. असतंच. बहुतेकदा ती आजी असते. तिने मंकी कॅप, शाल आणि दोन स्वेटर मुंबईहूनच आणलेले असतात, आणि निघायच्या आदल्या दिवशी ती "एखादी गोधडी राहू द्या बरोबर" असं हळूच सुचवते. तिला तर्काने हरवायला जाऊ नये, तो तिच्या बाजूचा आहे. "आई, उन्हाळा आहे तिकडे" एवढंच प्रेमाने म्हणावं आणि गोधडी गॅरेजमधल्या फळीवर ठेवावी. पहाटे तीनच्या सुमाराला घरातल्या एकमेव मंकी कॅपवर तीन पिढ्यांचा हक्क निर्माण होतो, तेव्हा आजी काही बोलत नाही. ते न बोलणं कसं सोसायचं, याला मात्र हे मार्गदर्शन पुरेसं नाही.

मुक्कामाला पोचल्यावर सर्वांत देखणी जागा निवडावी: सखल, मोकळी, नदीकाठची. कोरड्या, निरभ्र हवेत दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने ऊब गमावते, गार झालेली हवा जड होऊन उताराने खाली येते आणि अशाच सखल कुरणात साचते. पन्नास फूट वर झाडांच्या आडोशाला थोडी ऊब असते, पण तिथून फोटो चांगला येत नाही. स्वयंपाक अंधार पडल्यावर सुरू करावा. यलोस्टोनच्या सरोवराकाठी पाणी 92 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर हा या उंचीवरचा सर्वांत समर्पक शोध असून तो नेमका आपल्याच स्वयंपाकघरात असतो, म्हणून घरीच ठेवावा. छोट्या स्टोव्हच्या डब्यात नुसता ब्यूटेन असेल तर आणखी उत्तम. शून्य अंशाच्या आसपास तो वायुरूप व्हायलाच नकार देतो आणि ज्योत मेणबत्तीएवढी उरते. अर्धकच्ची खिचडी उरकल्यावर सगळं खाणं अस्वलं असतात म्हणून लोखंडी पेटीत बंद करावं लागतं. तिथे चिवड्याबरोबर लोणचं आणि टूथपेस्टही जाते, कारण अस्वल वासावर येतं आणि वासात डावं-उजवं करत नाही. रात्री भूक लागली, म्हणजे थंडीत लागतेच, तर ती पेटी तंबूपासून दूर आहे हे लक्षात येतं. पोटात चार घास असले तर शरीर ऊब तयार करतं, ही माहिती तेव्हा आठवली तरी निरुपयोगी असते.

एक सूचना मात्र अक्षरशः घ्यावी, कारण तिथे चेष्टेला जागा नाही. तंबूत स्टोव्ह, शेगडी किंवा गॅसचा हीटर कधीही पेटवू नये, आणि ऊब हवी म्हणून कोळसे आत आणू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. पारा शून्याच्या वर असला तरी ओलं अंग आणि वारा एकत्र आले की शरीराचं तापमान घसरू शकतं. कुडकुडणारं मूल बरं, कुडकुडायचं थांबून अडखळत बोलणारं मूल धोक्यात. त्याला कोरडे कपडे आणि ऊब द्यावी, लगेच वैद्यकीय मदत मिळवावी, आणि सहलीचा कार्यक्रम तिथेच संपवावा.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा. ते म्हणतात, थंडीत उघड्यावर झोपण्यात थोर परंपरा आहे. मे 1903 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट निसर्गलेखक जॉन म्यूरबरोबर योसेमिटीत मुक्कामाला होते. रात्रीतून पाचएक इंच बर्फ पडला, आणि सकाळी अध्यक्षमहाराज त्या बर्फातून उठून बेहद्द खूश झाले. गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या कामाची नाही. त्यांच्याजवळ घोंगड्यांची जाडजूड चवड होती, दिमतीला वाटाडे होते आणि "बाबा, घरी कधी जायचं" विचारणारं कुणी नव्हतं. तयारीनिशी सोसलेली थंडी ही निव्वळ मौज असते. ट्रुमन एव्हर्ट्सचं उदाहरण जास्त जवळचं. 1870 च्या सप्टेंबरात, यलोस्टोन पार्क होण्याच्या दोन वर्षं आधी, चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ आपल्या तुकडीपासून चुकला आणि त्याचा घोडा पांघरुणं आणि काड्यापेटीसकट पळून गेला. वरून बर्फ पडू लागला. दुर्बिणीच्या भिंगाने जाळ पेटवत, काटेरी झुडपाची मुळं खात आणि गरम झऱ्यांच्या आसऱ्याने तो 37 दिवस तगला. त्यात झऱ्याच्या वाफेने भाजलाही. पण त्याच्या हालांना आपल्या परंपरेत फारसा मान देता येत नाही. त्याची पांघरुणं घोड्याने नेली होती. आपण आपली गोधडी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, फळीवर ठेवून येतो.

मग शेवटचा आणि खरा प्रश्न उरतो: एवढा खटाटोप कशासाठी? चिठ्ठी वाचून घेतलेली स्लीपिंग बॅग, जमिनीचा गारठा रोखणारी गादी, लोकरीची टोपी आणि गुणाकाराचं एक मिनिट, एवढ्यावर थंडीचा बंदोबस्त होतो. तो कुणी करत नाही याचं कारण आळसात नाही, घरातल्या शांततेत आहे. थंडी अपेक्षित होती असं एकदा मान्य केलं की बुकिंग कुणी केलं, गोधडी कुणी काढून ठेवली, आजीला कुणी गप्प केलं, असे प्रश्न निघतात, आणि परतीच्या साडेचारशे मैलांत त्यांना पुरेसा वेळ असतो. थंडी अनपेक्षित होती म्हटलं की दोष निसर्गाचा. गाडीत बसलेले सगळे निर्दोष, आणि सहल यशस्वी. चार रात्री कुडकुडण्याच्या बदल्यात एवढी सार्वत्रिक माफी कुठलंच दुसरं सामान मिळवून देत नाही.

राहिली गोष्ट परंपरा टिकवण्याची. एकदा गारठलेलं कुटुंब शहाणं होण्याचा धोका असतो, आणि त्याने इतरांना शहाणं केलं तर सगळंच संपलं. म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकताना सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतलेच टाकावेत: निळं आभाळ, उघडे दंड, गॉगल. पहाटे तीनचे फोटो कुणी काढलेलेच नसतात, तेव्हा ही काळजी सहज घेता येते. कुणी विचारलंच की रात्री थंडी वगैरे होती का, तर "छे, मस्त हवा होती" असं उत्तर द्यावं आणि लगोलग कॅम्पग्राउंडच्या बुकिंगची लिंक पाठवावी. नोव्हेंबरात ते लोकही हीटर लावलेल्या खोलीत बसलेले असतील.