फोन आडवा, खिडकी उभी

कुशीवर लवंडून फोन वाचणाऱ्या माणसाला गुरुत्वाकर्षणाची फिकीर नसते. फोनला मात्र तेवढीच एक फिकीर असते. त्याच्या पोटातला ॲक्सिलरोमीटर पृथ्वीची ओढ कुठल्या कडेला आहे एवढं सांगतो. वाचणाऱ्याचं नाक कुठल्या दिशेला आहे, ते त्याच्या अखत्यारीत येत नाही. म्हणून आपण आडवे झालो की अक्षरंही आडवी होतात आणि मानेला भलताच व्यायाम घडतो.

ॲप लिहिणाऱ्याच्या मानेला होणारा व्यायाम वेगळा. पडद्यावर एकच विंडो असेल तर सगळं सुरळीत चालतं. पण सूचना हवी, पासकोडचा पडदा हवा, कोपऱ्यात तरंगणारा व्हिडिओ हवा, म्हणून माणूस मूळ विंडोवर आणखी एक विंडो चढवतो. आयफोनवर या विंडोंना पातळ्या असतात: साधी विंडो 0 वर, सूचनेची 2000 वर. एवढ्या उंचीवर बसलेलीला खाली काय चाललंय ते आपोआप कळेल, असं वाटतं. कळत नाही. फोन फिरल्याचा निरोप विंडोतला मजकूर सांभाळणाऱ्या रूट व्ह्यू कंट्रोलरला जातो, आणि घाईत चढवलेल्या विंडोला असा कंट्रोलर द्यायचाच राहिलेला असतो. मग खालचं ॲप आडवं आणि वरची सूचना ताठ उभी.

पूर्वी तर विंडो स्वतः फिरतच नसे. तिची मापं कायम उभ्या फोनची. फिरवला जाई तो आतला व्ह्यू. थेट विंडोवर काही चिकटवलं असेल तर ते ज्याचं त्याने हाताने गणित मांडून नव्वद अंशांत वळवायचं. लोकांनी ते निमूटपणे केलं. 2014 साली आयओएस 8 आलं, विंडो स्वतःच फिरू लागली, आणि ज्यांनी इमानदारीने गणित मांडलं होतं त्यांच्या सूचना दोनदा फिरल्या. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचं आपोआप ठीक झालं. आळसाला इतकं रोख बक्षीस क्वचितच मिळतं.

कंट्रोलर दिला तरी सुटका नाही. एखादं ॲप उभंच राहायचं म्हणून हटून बसलेलं, फक्त व्हिडिओपुरती आडवं व्हायची मुभा ठेवलेली. वरच्या इवल्याशा सूचनेचा कंट्रोलर मात्र ‘मला सगळं चालतं’ म्हणणारा. फोन वळला की सूचना वळते आणि जाताना स्टेटस बारलाही ओढून नेते. खालच्या कंट्रोलरला विचारून त्याचंच उत्तर पुढे करायचं, हा त्यावरचा साधा उपाय. पण दोन हजारांच्या पातळीवरून शून्याला विचारायचं सुचायला हवं!

अँड्रॉइडचा स्वभाव याहून टोकाचा. तिथे फोन फिरला की ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा समोरचा अख्खा पडदा, मोडून नव्याने उभारली जाते. कूस बदलली म्हणून घर पाडून पुन्हा बांधायचं, तसं. त्यामागे विचार आहे: आडव्या पडद्याची मांडणी वेगळी असू शकते, तेव्हा सगळं मुळापासून वाचलेलं बरं. पण त्या क्षणी उघडा असलेला डायलॉग अधांतरी राहतो. तो गुपचूप नाहीसा होतो आणि लॉगमध्ये ‘विंडो लीक्ड’ अशी तक्रार उमटते. 2011 मध्ये अँड्रॉइड 3.0 सोबत आलेल्या डायलॉग फ्रॅगमेंटने यावर तोडगा दिला. तरीही पुष्कळांना त्याहून सोपा मार्ग आवडतो: ॲप उभ्यातच कुलूपबंद करणे. अँड्रॉइड 16 साठी बांधलेल्या ॲपचं हे कुलूप आता मोठ्या पडद्यांवर सहसा जुमानलं जात नाही. बरंच झालं. टॅब्लेट मांडीवर आडवा धरून उभं ॲप बघणाऱ्यांनी पुरेसं सोसलं आहे.

ॲप तपासणाऱ्यांना एकच विनंती. ‘खरंच डिलीट करायचं?’ हा प्रश्न पडद्यावर असताना फोन एकदा आडवा करा, पुन्हा उभा करा, आणि प्रश्न अजून तिथेच असेल तरच ‘होय’ दाबा.