दिवे घाटातली दृष्ट

दसरा झाला आणि तिसऱ्याच दिवशी माझी मोटरसायकल दिवे घाटात बंद पडली. शंभर सीसीची, सोळा वर्षांची, कार्बोरेटरवाली. पुण्याहून सासवडला निघालो की पायथ्यापर्यंत गुणी बाळ. चढ लागून खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की दोन झटके आणि ठप्प! महिन्याभरात तो तलाव मी इतक्यांदा पाहिला, की तेवढा बाजीरावांनीही पाहिला नसेल.

बंद गाडीभोवती थांबणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात मेकॅनिक येतो. पण पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पेट्रोल आहे का?’’ मी अपमान गिळून झाकण उघडायचो, टाकी हलवून डुचमळ ऐकवायचो, झाकण लावायचो. मग कुणी प्लग काढून फुंकर मारायचा, कुणी चोक ओढायचा आणि चार-पाच किकांत गाडी सुरू! श्रेय शेवटची किक मारणाऱ्याला. एकदा ते सहावीतल्या पोराला मिळालं.

मेकॅनिकने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलला. ट्रायल मारायला तो कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायचा आणि चहा पिऊन यायचा. ‘‘गाडी फर्स्ट क्लास आहे, साहेब. घाटात गिअर नीट टाका.’’

आईचं निदान वेगळं होतं. दृष्ट! दर शनिवारी ती गाडीवरून मीठ-मिरच्या ओवाळायची आणि टाकीच्या झाकणावर, दसऱ्याच्याच स्वस्तिकावर, ओलं हळदकुंकू नव्याने लावायची. दुखणं मात्र वाढतच चाललं. घाटात बंद पडणारी गाडी आता हडपसरलाच मान टाकू लागली.

एकदा थांबत-थांबत कशीबशी घाटमाथ्यावर आणली, तर तिथेही पडलीच. सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, ‘‘प्याट्रोल हाय का?’’ मी झाकण उघडलं. ‘फुस्स’ झालं.

‘‘ह्ये आत वारं वढतंय व्हय?’’ मावशी म्हणाल्या. ‘‘त्येलाच्या डब्याला येकच भोक पाडलं तर त्याल पडतं का? दुसरं भोक कुठाय?’’

दुसरं भोक! अहो, या गाड्यांत पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी, म्हणून झाकणात टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं की टाकी भरलेली असूनही खाली कार्बोरेटरची वाटी कोरडी. झाकण उघडलं की पुन्हा सगळं ठीक. म्हणजे पेट्रोल आहे का, असं विचारणारा प्रत्येक जण महिनाभर मला इलाजच सांगत होता. आणि मी मनातल्या मनात त्याची अक्कल काढत होतो.

मावशींनी पदराची पिन काढून दिली. भोक टोकरलं, तर आतून कुंकवाची वाळून कडक झालेली लालभडक खपली निघाली. पिन परत केली आणि भाव न करता डझनभर सीताफळं घेतली.

घरी आल्यावर आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे बाधा वरचीच होती ना?’’ म्हणाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन गाडीकडे निघाली.

मी धावत जाऊन झाकणावर हात ठेवला. ‘‘मडगार्डवर लाव!’’