नकली नदीचा खरा शोक

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘मॅजिक किंग्डम’मध्ये 2025च्या जुलैत एक नदी वारली. 1971 साली पार्कसोबतच जन्मलेली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’, तिच्यातलं टॉम सॉयरचं बेट आणि वाफेवरची ‘लिबर्टी बेल’ बोट, सगळ्यांना एकदमच नारळ मिळाला. जागा हवी होती ‘कार्स’ चित्रपटातल्या बोलक्या मोटारींना.

चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, निसर्ग गेला, इतिहास बुडाला. निसर्ग म्हणजे खोदून भरून ठेवलेलं पाणी. आणि बोट चालायची पाण्याखालच्या रुळावरून. कप्तानानं सुकाणू कितीही फिरवलं तरी ती जायची तिथेच जायची. दुसरा तट विचारतो, अहो, त्या बोटीला रांग तरी लागायची का? बरोबर आहे. जिथं माणसं पैसे मोजून उन्हात तासन्‌तास उभी राहतात, तिथं नुसतं बसू देणाऱ्या बोटीवर कोण विश्वास ठेवणार?

कंपनीची बाजू मात्र भक्कम. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं खुद्द वॉल्ट डिस्नेच सांगून गेले. संस्थापकाचं वचन असावं तर असं, पाडकामालाही चालणारं. मोटारींच्या नव्या मुक्कामाचं नाव ‘पिस्टन पीक नॅशनल पार्क’. नदी बुजवून राष्ट्रीय उद्यान! पन्नास वर्षांनी तेही पाडायला निघतील, तेव्हा आजचीच पोरं पिकल्या केसांनी कळवळून सांगतील : आमच्या वेळच्या मोटारींत जीव होता हो!