सोसत नाही त्यांची सौंदर्य-प्रवेशिका

हे मार्गदर्शन सावनेर शहर आणि तालुक्यातल्या त्या नवशिक्यांसाठी आहे, ज्यांच्या कातडीला काही सोसत नाही आणि ज्यांच्या पाकिटालाही सोसत नाही. इतरांनी वाचायला हरकत नाही. फक्त मे महिन्यातले ४५ अंश, जानेवारीतली कोरडी थंडी, बोअरचं जड पाणी आणि छिंदवाडा रोडवरची धूळ एवढं गृहीत धरलेलं आहे. पुण्याच्या हवेत फरक पडला नाही तर तक्रार चालणार नाही.

पात्रता फार नाही. साबण बदलला की गाल तापतो, नवी टिकली लावली की कपाळावर तिच्याच मापाचा चट्टा उठतो, लग्नात हौसेने मेकअप केला की वरात मांडवाशी पोचायच्या आत चेहऱ्याची आग होते. यातलं एक जरी तुमच्या बाबतीत खरं असेल तर प्रवेश पक्का. फी नाही, ती तुम्ही हप्त्याहप्त्याने जनरल स्टोअर्समध्ये भरलेलीच आहे.

पायरी पहिली: सल्ले जमवा. याला खर्च येत नाही. गालावर एक ताजा लाल चट्टा घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. ‘अवं, काय झालं वं तोंडाले?’ या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नसते, कारण विचारणारीजवळ ते तयार असतं. पहिली मावशी हळद सांगते, दुसरी साय-बेसन, तिसरी कडुनिंबाचा पाला, आणि फोनवरून एखादी आत्या चक्क टूथपेस्ट. प्रत्येक सल्ल्याला ‘माह्या पोरीले तं आठ दिवसात फरक पडला’ हे प्रमाणपत्र जोडलेलं असतं. त्या पोरीची कातडी वेगळी आणि आपली वेगळी, हा मुद्दा मांडू नका. मांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

राम गणेश गडकरी याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ होऊन त्यांनी कवींचा कारखाना उघडून दाखवला होता. आणखी थोडं आयुष्य मिळतं तर इथे त्यांना सौंदर्यसल्लागारांचाही कारखाना सापडला असता, आणि याला कच्चा माल लागत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं असतं.

पायरी दुसरी: संत्रा. आता जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आला, त्यामुळे जपून. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात राहून संत्र्याची साल वाळवून, कुटून, दुधात कालवून तोंडाला न लावणं हे जवळजवळ फितुरीत जमा होतं. कृती सोपी आहे. साली गच्चीवर पसरा, कडक होऊ द्या, मिक्सरमधून काढा, डब्यात भरा. या सगळ्या दिवसांत सालीतल्या तेलाचं काय होतं, ते मात्र कृतीत नसतं. त्या तेलाचा बराचसा भाग म्हणजे लिमोनिन. ताजं असताना ते फारसं त्रास देत नाही. हवा लागत गेली की ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात, आणि त्वचेची ॲलर्जी आणण्यात ती नामांकित आहेत. साल जितके दिवस हवा खाते, तितकं तिच्यात उरलेलं तेल नाजूक गालाला महाग पडू शकतं. शिवाय मिक्सरमधून निघालेला भुगा डोळ्यांना पीठ दिसतो, पण गालावर चोळताना पॉलिश पेपरसारखा लागतो.

हे ऐकवल्यावर समोरून येईल, ‘काई नाई होत बापा, आमी लहानपणापासून लावतो.’ ते खरंच असतं. ज्यांना काही होत नाही, त्यांना काही होत नाही.

लिंबाचा स्वभाव संत्र्याहून कडक. त्याच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, तर निरोगी त्वचेचा पाचच्या. पीएचची पट्टी दहापटींनी चढते, तेव्हा तीन अंकांचा फरक म्हणजे हजारपट आम्ल. त्यात लिंबाच्या सालीत, आणि सालीसकट पिळलेल्या रसात, फ्युरोकौमारिनं असतात. ती लागलेल्या जागेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने हटत नाहीत. डागासाठी लिंबू, लिंबाने डाग, त्या डागासाठी पुन्हा लिंबू: या अभ्यासक्रमात कोणी नापास होत नाही, फक्त वर्ग संपत नाही. संत्रा असो की लिंबू, फळाची जागा तोंडावर नाही, तोंडात आहे.

पायरी तिसरी लवकर उरकू. मुलतानी माती, बेसन, तुरटी, साखरेचा स्क्रब हे सगळं तेलकट आणि दणकट कातडीला चालून जातं. तुमच्या गालावरचं उरलंसुरलं तेल शोषून घ्यायला आपल्याकडे कडक उन्हाचा नवतपा आहे, वेगळी माती लागत नाही. कोरफड लावायचीच असेल तर पान तोडल्यावर गळणारा पिवळा चीक आधी पूर्ण जाऊ द्या. खाज त्या चिकाची असते आणि नाव गराचं खराब होतं.

पायरी चौथी: डबी वाचायला शिका. समोरची बाजू वाचू नका, तिथे कविता असते. ‘नॅचरल’ लिहिलेलं दिसलं तर धोतरा आणि खाजकुइली आठवा, दोन्ही शंभर टक्के नॅचरल. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेलं. तपासात काय निघालं, ते डबीवर नसतं. ‘हायपोअलर्जेनिक’ हा शब्द तर एवढा भारदस्त आहे की त्याच्यावर खटला चाललेला आहे. अमेरिकी सरकारने १९७५ मध्ये ठरवलं की हा शब्द छापायचा तर आधी चाचण्या करून दाखवा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये ती अट रद्द झाली. शब्द मात्र डबीवर राहिला.

वाचायची ती मागची बारीक अक्षरांची यादी. तिच्यात ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ सापडलं की डबी परत ठेवा, कारण त्या एका शब्दाआड कितीतरी सुगंधी द्रव्यं एकत्र बसलेली असू शकतात आणि त्यांची नावं सांगायला कंपनी बांधील नसते. ‘अनसेंटेड’ला भुलू नका, मूळ वास दाबण्यासाठी त्यातही दुसरा वास घातलेला असू शकतो. तुम्ही चष्मा लावून हे वाचत असताना दुकानदार म्हणेल, ‘ताई, हे बम विकते.’ त्यावर मान डोलवायची. विकते, यात शंका नाही.

पायरी पाचवी: आरोपीची ओळख परेड. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ लावायचं. सात ते दहा दिवस. एका वेळी एकच वस्तू. ॲलर्जी लगेच उठतेच असं नाही. पहिल्या दिवशी गप्प बसलेली क्रीम पाचव्या दिवशी बोलू शकते. लग्नाच्या आदल्या रात्री नवीन फेशियल करणाऱ्या नवशिक्यांसाठी या पुस्तिकेत सोय नाही.

आणि चट्टा जिथे आहे तिथेच कारण असेल, असं धरून चालू नका. नेलपॉलिशची ॲलर्जी बऱ्याचदा नखांना काही करत नाही. हात दिवसभर फिरतात आणि पुरळ उठतं पापण्यांवर नाहीतर मानेवर. केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी या द्रव्याचा राग कपाळ, कान आणि पापण्यांवर निघतो. काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यातही हेच असू शकतं. खरी मेंदी काळी नसते. खोट्या कानातल्यांत निकेल असतं. टिकलीच्या मागच्या चिकट पदार्थामुळे काहींच्या कपाळावर कायमचा पांढरा डागही पडतो. तेव्हा महागडी क्रीम बदलण्याआधी चार रुपयांच्या टिकलीची चौकशी करा. घरात मात्र ‘टिकली काऊन नाई लावली?’ ही चौकशी आधी सुरू होईल, त्याचं उत्तर तयार ठेवा.

पायरी सहावी: जी चढायची नाही. पार्लरमध्ये, बाजारात किंवा ओळखीच्या बाईकडे एक बिननावाची डबी मिळते. कधी नाव असतं, पण कोणी बनवली, कशाने बनवली ते नसतं. ती लावली की आठवड्यात रंग उजळतो, आणि हेच तिचं भांडवल. विदर्भातलंच उदाहरण आहे. अकोल्यात अशी गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने शोध घेतला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होण्याच्या कामातच खोडा घालतो, म्हणून गोरेपणा खोटा नसतो आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत शिरलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरी डबी मेडिकलमध्ये, उजळ माथ्याने मिळते. कोणाच्या तरी नायट्यासाठी आणलेली ट्यूब घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला पुरते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, आणि लावणं थांबवलं की आग उसळते. म्हणून माणूस पुन्हा लावतो. नायट्यावर लावलं तर नायटा रूप बदलून पसरतो आणि ओळखूही येत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवर लाल पट्टी असते. पण काउंटरवर चेहरा ओळखीचा असला की ती पट्टी दिसेनाशी होते. राहिली गोरेपणाची हौस. तिची देशातली सर्वांत प्रसिद्ध डबी १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ होती, २०२० मध्ये ती ‘ग्लो’ झाली. मुलगी बघायला आलेल्यांच्या तोंडी हा बदल पोचायला वेळ लागेल.

पायरी सातवी: खरेदी. इतकी नाही-नाही झाल्यावर काहीतरी घ्यायला सांगितलं नाही तर पुस्तिका मोफत असूनही महाग वाटेल.

पहिली वस्तू पेट्रोलियम जेली, साधी, बिनवासाची, पांढरी. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देण्यात तिच्या तोडीचं स्वस्त काही अजून मिळालेलं नाही. हिवाळ्यात कोमट पाण्याने झटपट आंघोळ करायची, अंग टिपायचं, ओलसर असतानाच जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. उन्हाळ्यात जेली नको, घाम कोंडतो. तेव्हा ग्लिसरीनचं पातळ लोशन. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला नको. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल त्वचेचं आवरण सैल करतं असं प्रयोगांत दिसलेलं आहे, तेव्हा ती दोन्ही स्वयंपाकघरात सुखी.

साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो आणि बोअरच्या जड पाण्यात तिचा चिकट साका अंगावरच बसतो. बिनवासाची सिंडेट, म्हणजे साबण नसलेली वडी परवडली तर ती घ्या. नाही परवडली तर साबण काखेत आणि पायांना, चेहऱ्याला नुसतं पाणी. घामोळ्यांना कॅलामाइन लोशन. त्यात मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं आणि गुलाबी रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा.

सनस्क्रीन घेताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं बघा, नाजूक कातडीला ते कमी झोंबतं. चेहऱ्यावर पांढरं भूत दिसेल, ते त्याचं काम चालू असल्याची खूण. पण या तालुक्यातलं खरं सनस्क्रीन दुपट्टा आहे. स्कूटीवर बसलेली मुलगी डोळे सोडून सगळं गुंडाळून घेते, त्याला बाहेरचे लोक हसतात. कापसाच्या मुलखात सुती दुपट्टा मिळायला अडचण नाही. घट्ट विणीचा, गडद रंगाचा असला तर ऊन जास्त अडतं. रोज धुवा, आणि धुण्याच्या पावडरीचा फेस पूर्ण निघेपर्यंत खळबळा, नाहीतर सकाळी वास नसलेली क्रीम लावून दुपारभर वासाच्या पावडरीत तोंड गुंडाळून बसाल.

पंधरा दिवस हे एवढंच करूनही आग, खाज, पाणी सुटणं चालू राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, पुड्या आणि टिकलीचं पाकीट एका पिशवीत भरून न्या. आठवून सांगण्यात अर्धी नावं गळतात. बिननावाची डबी तर आधी टाका पिशवीत. ती काढताना लाजू नका, डॉक्टरांनी ती तुमच्या आधीच्या पेशंटच्या पिशवीत पाहिलेली असते.